नवरीचा चेहरा

"हनुवटी खाली. अजून थोडी. आता मान जरा डावीकडे... बास, बास. तशीच राहा."

रेवतीने माझ्या मुलीची हनुवटी दोन बोटांत धरून तिचा चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवला होता. मी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्या दोघींपैकी कुणाचंच माझ्याकडे लक्ष नव्हतं.

"डोळे मीट," रेवती म्हणाली. "फोटोग्राफर एक-दोन म्हणेपर्यंत मिटलेलेच ठेवायचे. तीन म्हटलं की उघडायचे. घाईनं नाही हं, झोपेतून जाग आल्यासारखे. चल. एक, दोन, तीन."

शलाकाने डोळे उघडले. मोबाईलचा खटका वाजला. दोघींनी एकमेकींच्या डोक्याला डोकं लावून फोटो बघितला आणि शलाका जवळजवळ किंचाळलीच.

"काकू! अगं, उघडे आहेत!"

"मग? म्हटलं होतं ना मी."

"आई, इकडे ये. बघ, माझे डोळे उघडे आलेत!"

मी ट्रे ठेवला आणि बघितलं. फोटो खरंच चांगला आला होता. डोळे मोठे, पाणीदार. माझ्या आईचे डोळे आहेत ते, पण त्या फोटोत पहिल्यांदा मला ते दिसले.

"छान," मी म्हणाले. "चहा गार होतोय."

शलाकाचे डोळे फोटोत मिटतात हा आमच्या घरातला जुना विनोद होता. शाळेच्या स्नेहसंमेलनापासून दहावीच्या निरोपापर्यंत प्रत्येक फोटोत ती उभ्या उभ्या झोपल्यासारखी दिसायची. आम्ही हसायचो, तीही हसायची. मला वाटायचं, तिलाही गंमत वाटते. तसं नव्हतं, हे मला त्या सकाळी कळलं आणि तेही रेवतीच्या तोंडून.

"साखरपुड्यापासून तिनं धसका घेतलाय हो ताई," शलाका आंघोळीला गेल्यावर ती मला म्हणाली. "म्हणते, माझ्या लग्नाच्या सगळ्या अल्बमात मी डोळे मिटलेलीच असणार. एकदा रडलीसुद्धा."

"मला नाही बोलली कधी."

"तुम्हाला आधीच किती व्याप. म्हणून नसेल बोलली."

तिने ते अगदी मऊ आवाजात सांगितलं. माझी समजूत काढायला. माझ्या मुलीच्या मनात काय चाललंय, हे मला समजावून सांगत ती माझ्याच घरात, माझ्याच कपातून चहा पीत बसली होती.

रेवती म्हणजे माझ्या नवऱ्याची दुसरी बायको.

उल्हासचं घर मी सोडलं तेव्हा शलाका पाच वर्षांची होती. पुण्याहून माहेरी, कऱ्हाडला आले. दूध संघाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. टँकरमधून आलेल्या दुधाचे नमुने तपासायचे, स्निग्धांश काढायचा, भेसळ पकडायची. त्या पगारावर दोन खोल्यांचं घर झालं, मुलीचं शिक्षण झालं. घर का सोडलं, हे मात्र मला कुणालाच नीट सांगता आलं नाही. उल्हास दारू पीत नव्हता. त्याने कधी हात उचलला नाही, पगार घरी आणून द्यायचा. माझा सख्खा भाऊ म्हणाला, "मंदाकिनी, मग त्रास काय होता ते तरी सांग." मी दोनदा सांगायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा सांगता सांगता मलाच ते क्षुल्लक वाटायला लागलं. मग सांगणंच सोडलं.

उल्हासने दोन वर्षांनी रेवतीशी लग्न केलं. ती माझ्यापेक्षा नऊ-दहा वर्षांनी लहान. लग्नाआधी तिचं स्वतःचं छोटंसं पार्लर होतं म्हणे, ते तिने बंद केलं. मी तिला लांबून एक-दोनदा पाहिलं होतं. नीटनेटकी, सावकाश बोलणारी, अंगावर साडी शिवल्यासारखी बसलेली. शलाका इंजिनिअरिंगला पुण्याला गेली आणि दुसऱ्या वर्षी होस्टेलचं जेवण सोसेना म्हणून बापाच्या घरी राहायला लागली. मीच हो म्हटलं होतं. बाप आहे, त्याचा हक्क आहे, असं मोठ्या मनाने म्हटलं होतं.

त्यानंतर फोनवर सुरू झालं. रेवतीकाकूनं हे केलं, रेवतीकाकू असं म्हणते. केसांना काय लावायचं, पाळीच्या दिवसांत काय खायचं, मुलाखतीला कुठला रंग घालायचा. एकदा शलाका सहज बोलून गेली, "आई, बाबा आता खूप शांत झालेत गं. काकूशी कधी भांडणं नाहीत की काही नाही." मी फोन ठेवला आणि कितीतरी वेळ हातातला टॉवेल घडी घालत बसले. मोडायची आणि परत घालायची. माझ्याशी नाही जमलं, तिच्याशी जमलं. म्हणजे खोट माझ्यातच होती, असा त्याचा सरळ अर्थ होता. शलाकाच्या मनात तसं नव्हतं, पण मी तो अर्थ स्वतःच काढला आणि मग तो मनातून कधी गेलाच नाही.

शलाकाचं लग्न साताऱ्याच्या निनादशी ठरलं. लग्न कऱ्हाडला करायचं, हे मी ठामपणे सांगितलं. त्यावर शलाका म्हणाली, "चालेल. पण काकू आधी येऊन आपल्याकडे राहील. माझा मेकअप, साडी, सगळं तीच करणार. बाबा आदल्या दिवशी येतील." मी म्हटलं, "येऊ दे की." फोन बंद झाल्यावर डोकं उठलं.

तर अशी ती आली, दोन मोठ्या बॅगा घेऊन. आल्या आल्या माझ्या पाया पडली. मला तेही आवडलं नाही.

नवरीला फोटोसाठी तयार करणं हा एवढा मोठा उद्योग असतो, हे मला माहीत नव्हतं. माझ्या लग्नात वहिनीने पावडर लावली होती आणि काजळ घातलं होतं. रेवतीने दोन महिन्यांपासून शलाकाला रात्री लोणचं-पापड बंद केलं होतं, सकाळी डोळे सुजतात म्हणून. ब्लाउज शिवून आल्यावर तिला हार घालण्यासारखे हात वर करायला लावले आणि काखेत ओढतोय म्हणून तो उसवून घेतला. नथ घालून खिडकीत, ट्यूबलाइटखाली आणि उन्हात असे तीन ठिकाणी फोटो काढले. नथीची सावली ओठावर पडते, म्हणून ती जराशी वळवून दिली. मुंडावळ्या कपाळावर कुठे बांधायच्या म्हणजे भुवया झाकत नाहीत, ते पेन्सिलीने खूण करून दाखवलं. फ्लॅश पडला की कुठली पावडर पांढरीफटक दिसते, तेही तिला माहीत होतं. शलाका शाळेतल्या मुलीसारखी ऐकत होती. इतकं शहाण्यासारखं तिने माझं कधी ऐकलं नव्हतं.

"हसताना जीभ वरच्या दातांमागे टेकव," रेवती तिला म्हणाली. "मग हसू ताणलेलं दिसत नाही."

मी भाजी निवडत होते. निवडता निवडता माझी जीभ दातांमागे गेली. मी ती रागाने परत आणली.

माझंही काहीतरी असावं म्हणून मी उटणं केलं होतं. मसुराची डाळ दुधात भिजवून वाटलेली, संत्र्याची साल, आंबेहळद, चंदन उगाळून. माझी आई करायची तसं. दुपारी वाटी घेऊन मी शलाकाजवळ गेले.

"आई," ती रेवतीकडे बघत म्हणाली, "आता नवीन काही नको ना लावायला? शेवटच्या दिवसांत चेहऱ्यावर नवीन काही लावायचं नाही म्हणते काकू."

"हे नवीन आहे होय? लहानपणी दर दिवाळीला लावायचे मी तुला."

"तसं नाही गं..."

"लावू दे की," रेवती मधेच म्हणाली. "ताईंच्या हातचं आहे. हातापायाला तरी लाव."

तिने मला परवानगी दिली! मी वाटीवर ताटली झाकली, फ्रीजमध्ये ठेवली आणि म्हटलं, "राहू दे. मी संपवते."

त्याच संध्याकाळी शलाकाने हट्ट धरला. व्हिडिओवाल्याचा कॅमेरा भलताच चांगला आहे, त्यात गालावरची बारीक लव दिसते. मैत्रिणीच्या लग्नात दिसली होती. ती काढून टाक. रेवती आधी नको म्हणाली. इतक्या उशिरा नको, आता राहू दे, मी मेकअपमध्ये झाकते, असं बरंच म्हणाली. पण शलाका ऐकेना. शेवटी रेवतीने मेण गरम केलं आणि गालांची, हनुवटीची, कानाजवळची लव काढून दिली. मी आतल्या खोलीत आहेराची पाकिटं लावत होते. माझ्या कानावर दोघींचं हसणं येत होतं.

दुसऱ्या दिवशी हळद होती आणि संध्याकाळी कार्यालयात सीमांतपूजन. उजाडल्यावर मी अंगणात सडा घालत होते, तेवढ्यात न्हाणीघरातून शलाकाची किंकाळी आली.

"काकू!"

हातातला तांब्या तसाच धरून मी आत धावले. पण धावता धावताही ती हाक माझ्या छातीत जाऊन बसली. घाबरल्यावर माणूस विचार करून हाक मारत नाही. माझी मुलगी घाबरली आणि तिने 'काकू' अशी हाक मारली.

शलाकाचे दोन्ही गाल लाल झाले होते. डाव्या गालावर जबड्यापर्यंत बारीक पुरळ उठलं होतं. हनुवटी सुजल्यासारखी दिसत होती. रेवती तिच्यासमोर उभी होती आणि तिचा स्वतःचा चेहरा कागदासारखा झाला होता.

"काय केलंत हे?" मी म्हणाले.

"ताई, मेणाचंच असणार. हे... हे बसेल. मी बर्फ लावते."

"उद्या लग्न आहे तिचं!"

"हो. बसेल. ताई, हे किती वाजता येणार म्हणाले?"

मला राग आला होता, भीती वाटली होती, सगळं होतं. पण त्या सगळ्याच्या खाली कुठेतरी एक गारवाही पसरत होता. मोठी आली होती शिकवायला. शेवटच्या दिवसांत नवीन काही नको म्हणे! मी बर्फ काढायला फ्रीज उघडला तर समोर माझी झाकलेली वाटी. मी ती जरा जास्तच आवाज करून बाजूला सरकवली.

मी फोन करून ओळखीच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना घरीच यायला सांगितलं. त्या दहा-साडेदहाला येणार होत्या. तोवर रेवती गार दुधाच्या पट्ट्या शलाकाच्या गालावर ठेवत होती. पट्टी पिळताना दूध जमिनीवर सांडत होतं. घड्याळाकडे बघत होती आणि परत परत तेच विचारत होती, "किती वाजता येतील हो हे?" मला वाटलं, किती हा नखरा. नवऱ्याची एवढी वाट.

डॉक्टरांच्या आधी उल्हास आला.

गाडी दारात लागली, तो आत आला. केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं, बाकी तोच. मला नमस्कार केला, तोही व्यवस्थित. मग शलाकाकडे वळला आणि थांबला.

"काय झालं हे?"

"काही नाही बाबा," शलाका म्हणाली. "मीच काकूला म्हटलं की..."

"तुला नाही विचारलं, बेटा." त्याने चष्मा काढला आणि रुमालाने पुसायला लागला. "रेवती. इकडे ये."

रेवती हातातली ओली पट्टी तशीच घेऊन त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"निघताना मी तुला काय सांगितलं होतं?"

ती काहीतरी पुटपुटली.

"मोठ्यानं. इथं सगळी घरचीच माणसं आहेत."

"की... मेकअप फक्त करायचा. बाकी काही प्रयोग करायचे नाहीत."

"मग?"

"चुकलं माझं."

"काय चुकलं? पूर्ण वाक्य म्हण."

माझा हात भिंतीवर गेला.

त्याचा आवाज जराही चढला नव्हता. चढायचा नाहीच कधी. माझ्या वेळीही नाही. आमटीत मीठ जास्त झालं, त्याच्या साहेबांसमोर मी मधेच बोलले, त्याला न विचारता माझ्या बहिणीला साडी दिली; तो चष्मा पुसायचा आणि म्हणायचा, पूर्ण वाक्य म्हण. मग मी म्हणायची. पाहुण्यांसमोर, सासूसमोर, मांडीवर मुलगी असताना म्हणायची. मला कळत नाही, मी विचारून करायला हवं होतं. तो म्हणायचा, नाही, नीट म्हण. मला अक्कल कमी आहे, म्हणून मी विचारून करायला हवं होतं. एकदा तो शलाकाला म्हणाला, "आई काय म्हणाली? तू म्हणून दाखव." आणि पाच वर्षांच्या पोरीने ते बोबड्या बोलांत म्हणून दाखवलं होतं. त्यानंतर मी घर सोडलं. पण भावाला हे काय सांगणार? नवरा वाक्यं म्हणायला लावतो, असं?

"मला... मला समजत नाही," रेवती म्हणत होती. डोळे जमिनीकडे. तिला ते पाठ होतं. "मला समजत नाही, म्हणून मी..."

"मी लावलं उटणं," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"पहाटे. मसुराच्या डाळीचं. माझ्या आईच्या पद्धतीचं. शलाका नको म्हणत होती, मीच लावलं. त्याचंच उठलंय हे. रेवतीचा काही संबंध नाही."

रेवतीने मान वर केली. शलाका गालावरची पट्टी धरून माझ्याकडे बघत राहिली. उटण्याची वाटी फ्रीजमध्ये झाकलेली आहे, तिला बोटसुद्धा लागलेलं नाही, हे आम्हा तिघींना ठाऊक होतं.

उल्हासने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तो माझ्याकडे वळला. मला वाटलं होतं, इतक्या वर्षांनीही मी खाली बघेन.

"म्हणजे अजून तशीच आहेस तू," तो म्हणाला. "कुणाला विचारलं होतंस?"

"कुणालाच नाही."

"लग्नाच्या आदल्या दिवशी मुलीच्या तोंडाला काहीतरी फासायचं आणि विचारायचं नाही. मग आता काय म्हणायचं?"

"उल्हास," मी म्हणाले. नवरा असताना मी त्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. "हे माझं घर आहे. इथं कुणी कुणाची वाक्यं म्हणत नाही. चहा इथं घेणार की कार्यालयात जाऊन?"

तो हसला. आपण लहान मुलाच्या हट्टाला हसतो तसा. मग त्याने शलाकाकडे पाहिलं, तिने आपली बाजू घ्यावी अशा नजरेने.

"बाबा, तुम्ही कार्यालयात व्हा पुढे," शलाका म्हणाली. तिचा आवाज मी ओळखला नाही. "तिकडे पाहुणे येतील. मी डॉक्टर आल्याशिवाय निघणार नाही."

तो गेला. गाडी कोपऱ्यावरून वळली. मग रेवती जिथे उभी होती तिथेच खाली बसली.

"ताई, तुम्ही कशाला..."

"आधी तिच्या चेहऱ्याचं बघा," मी म्हणाले. माझा आवाज तुसडाच निघाला. दुसरा मला काढता येत नव्हता. "नवीन दूध आणते. ते सगळं सांडून ठेवलंत."

डॉक्टरीणबाई आल्या, बघून म्हणाल्या, घाबरण्यासारखं नाही. मेणाने कातडी दुखावलीय. मलम दिलं, गोळी दिली आणि तोंडाला हळदीचं बोटही लावू नका म्हणाल्या. दुपारी हळदीला बायका जमल्या. मी शलाकाशेजारी पाटावर बसून राहिले आणि जी जी गालाकडे हात नेईल तिचं मनगट धरलं. "हातांना लावा, पायांना लावा, चेहरा नाही." माझी वहिनी रागावली. रागावू दे.

सीमांतपूजनाला जायच्या आधी शलाका मला स्वयंपाकघरात एकटीला गाठून म्हणाली, "आई, बाबा तुझ्याशीपण असंच बोलायचे?"

"उशीर होतोय. शालू कुठला नेसणार आहेस?"

"आई."

"हो," मी म्हणाले.

ती ओट्याला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "पुण्यात कधीकधी काकू रात्री बाथरूमचा नळ सोडून बसायची. मला वाटायचं, कपडे धुतेय."

लग्नाच्या सकाळी गालावरची सूज उतरली होती, थोडा लालसरपणा राहिला होता. रेवतीने तिला तयार केलं. मी त्या खोलीत गजरे घेऊन बसले होते, कारण मला बाहेर जाववेना आणि तिथे बघवेना. तिची बोटं शलाकाच्या गालावरून इतकी अलगद फिरत होती की जणू ती कातडी तिचीच आहे. शलाका डोळे मिटून तोंड वर करून बसली होती, अगदी निर्धास्त. लहानपणी मी तिचं तोंड पुसायची तेव्हा ती असंच तोंड वर करायची. पुण्याला जायच्या आधीपर्यंत ते माझं होतं. आदल्या दिवशी मी रेवतीसाठी खोटं बोलले होते; त्या सकाळी मला ती समोर नको होती. दोन्ही खरं होतं.

अक्षता पडल्या. फोटोवाला मोठमोठ्याने बोलावत होता. "मुलीची आई, इकडे या. बाबा, त्या बाजूला." मी डावीकडे उभी राहिले, उल्हास उजवीकडे. छान कोट घातला होता त्याने. "अजून कुणी घरचं?"

"काकू, ये," शलाका म्हणाली.

रेवती खाली खुर्च्यांजवळ उभी होती. ती लगेच आली नाही. तिने आधी उल्हासकडे पाहिलं. त्याने मान हलवली, तेव्हा ती पायऱ्या चढली. निनादच्या घरच्या कुणाच्या ते लक्षातही आलं नसेल. मी एक पाऊल सरकले आणि तिला माझ्या आणि शलाकाच्या मधे जागा दिली. त्या जागेवर माझाच हक्क होता, म्हणून तर ती मला देता आली, असं मी स्वतःला सांगितलं. शलाकाने डोळे मिटले. फोटोवाला तीन म्हणाला. तिने उघडले.

निघताना ती आधी माझ्या गळ्यात पडली, मग रेवतीच्या. रेवतीच्या गळ्यात जास्त वेळ होती. कुणी मोजत नसतं असलं काही, पण मला कळलं. ती तिच्या कानात काहीतरी बोलत होती आणि रेवती नुसती मान हलवत होती, नाही नाही म्हणून. काय बोललीस, हे मी शलाकाला त्यानंतर कधी विचारलं नाही. आता तिचा मुलगा शाळेत जायला लागलाय, तरी नाही विचारलं.

अल्बम आला तो लग्नाच्याच वर्षी, दिवाळीनंतर. सगळे फोटो सुरेख. लाली कुठेच दिसत नव्हती. प्रयोगशाळेतल्या मुली म्हणाल्या, "मॅडम, किती गोड दिसतेय शलाका. कुणी केला होता मेकअप?" मी म्हटलं, "आहे एक ओळखीची." नाव सांगायला जीभ वळली नाही.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, मी नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते तेव्हा फोन वाजला. रेवतीचा होता. तिने मला याआधी कधी फोन केला नव्हता.

"ताई, कामात आहात का?"

"बोला."

"शलाकाला इतक्यात काही सांगू नका. मला फक्त एक विचारायचं होतं." मागे बराच गलका ऐकू येत होता. तिने आवाज आणखी लहान केला. "तुम्ही निघालात ना, त्या दिवशी... निघून आधी कुठं गेलात?"

मी बाटली खाली ठेवली आणि बाहेरच्या व्हरांड्यात आले. मला आजवर सगळ्यांनी विचारलं होतं, का निघालीस. हे कुणी विचारलं नव्हतं.

"स्टँडवर," मी म्हणाले. "शलाका कडेवर होती. कऱ्हाडची गाडी नुकतीच सुटून गेली होती. मग बाकावर बसून राहिले. पोरीला भूक लागली, तिला केळी घेऊन दिली. प्रत्येक माणूस मागून चालत आला की वाटायचं, तोच आला."

"मग?"

"मग दुसरी गाडी आली."

"गाडीत बसल्यावर भीती गेली?"

"गाडी सुटल्यावर गेली. थोडी."

मागचा गलका मोठा झाला आणि त्यातून कुणीतरी ओरडत असलेली नावं मला स्पष्ट ऐकू आली. सातारा, सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर.

"रेवती," मी म्हणाले, "तू आत्ता कुठं आहेस?"

"स्वारगेटला."

"एकटीच?"

"हो. एक बॅग आहे."

मला माझा तो बाक आठवला आणि त्याच दमात मनात आलंच, आता शलाका माहेरी आली की हिलाच बिलगणार. मी ते तसंच राहू दिलं.

"आता जी ओरडतायत त्या गाडीत बस," मी म्हणाले. "मी इकडे स्टँडवर येऊन थांबते."